लॅमिंग्टन रोडवरचं राउटर दुरुस्तीचं दुकान

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट चालू असतानाच लालबागला आमच्याकडे वीज गेली आणि राउटर अडकला. टाचणीने रिसेटचं बटण १० सेकंद दाबलं, तीनदा. दिवा नुसता लुकलुकतोय. रिसेटने फक्त सेटिंग पुसली जातात, बिघडलेलं फर्मवेअर तसंच राहतं, हे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या छोट्या दुकानातल्या काकांनी समजावलं. त्यांनी आधी राउटर उलटा करून हार्डवेअर व्हर्जन वाचलं (मॉडेल तेच असलं तरी व्हर्जन जुळायला हवं), कंपनीच्या साइटवरून नेमकी फाइल घेतली आणि लॅनच्या वायरने लॅपटॉप जोडून टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची एक साधी पद्धत) चढवली. अर्ध्या तासात दिवा स्थिर! ३०० रुपये. "नवा घ्या" असं एकदाही म्हणाले नाहीत, हे मला फार भावलं. जाताना इंटरनेटचा युजरनेम-पासवर्ड लिहून न्या, तो पुन्हा टाकावा लागतो.