ह्युंदाई क्रेटाच्या ऍक्सेसरीज: पैसे कुठे घालावेत, कुठे हात आवरावा

नवी क्रेटा बुक केली की शोरूमवाला चकचकीत कॅटलॉग पुढे करतो आणि बेसिक पॅक, प्रीमियम पॅक असे आकडे सांगायला लागतो. पॅक म्हणून काहीच घेऊ नका. त्यात एखादी कामाची वस्तू असते आणि तिच्यासोबत क्रोमच्या पट्ट्या, हँडल कव्हर, टेललाइटची गार्निश असा शोभेचा माल गळ्यात मारलेला असतो. क्रोमखाली पावसाचं पाणी आणि धूळ अडकते, दोन पावसाळ्यांत टेपच्या कडेने रंगावर रेघ उमटते. कंपनीच्या ऍक्सेसरीज ह्युंदाई मोबिसकडून येतात, मापाला चोख बसतात, पण तशाच दर्जाचा माल बाहेर कमी पैशांत मिळतो. खरा फरक मालात कमी आणि फिटिंगमध्ये जास्त असतो. म्हणून खाली प्रत्येक वस्तूबरोबर ती लावताना काय बिघडतं तेही लिहिलं आहे.

सर्वांत आधी सीट कव्हर, कारण कुटुंबाच्या गाडीत पहिला खर्च इथेच होतो आणि सर्वांत धोकादायक चूकही इथेच होते. 2023 पासून क्रेटाच्या सर्व व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दरवाजाकडच्या कडेला बसवलेल्या असतात. तिथे ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं छोटं लेबल शिवलेलं दिसेल. साधं, चारही बाजूंनी पक्क्या धाग्याने शिवलेलं कव्हर चढवलं तर धडकेच्या वेळी एअरबॅगला बाहेर यायला वाटच उरत नाही. चांगल्या कव्हरमध्ये त्या कडेची शिवण मुद्दाम कमजोर धाग्याची असते किंवा तेवढा भाग मोकळा सोडलेला असतो. दुकानात कव्हर हातात घ्या, कडेवरून बोट फिरवा. बाकीच्या शिवणीपेक्षा इथला धागा बारीक आणि वेगळा लागला पाहिजे, शेजारी एअरबॅगचा टॅगही हवा. दुकानदार ‘सगळी कव्हरं एअरबॅगवाली असतात साहेब’ म्हणाला आणि शिवण दाखवू शकला नाही, तर तिथून निघा.

वरच्या व्हेरियंटमध्ये पुढच्या सीट हवेशीर आहेत, आत पंखा आहे. तिथे बिनछिद्राचं रेक्झिन चढवलं की पैसे मोजून घेतलेली सोय बंद पडते. अशा सीटला कव्हर न घालणंच उत्तम, घालायचंच असेल तर बैठकीचा आणि पाठीचा मधला भाग छिद्रांचा हवा, आत फोमचा जाड थर नको. लहान मूल असेल तर मागच्या सीटच्या फटीतले, मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक कव्हरखाली गाडले जात नाहीत ना हे बघा. तिथे चेन किंवा फट ठेवलेली कव्हरं मिळतात. मागचा आर्मरेस्ट आणि सीटबेल्टची बकल मोकळी राहिली पाहिजेत. कव्हर लावताना फिटर सीटखालून इलॅस्टिक ओढतो. तिथे पिवळ्या रंगाचा कपलर (वायरींचा जोड) असतो, तो एअरबॅगचा. इग्निशन चालू असताना तो निघाला की मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. काम संपल्यावर दुकानातच गाडी चालू करून तो दिवा विझतो का ते बघूनच पैसे द्या. बऱ्या आर्टलेदरचे साधारण सहा ते बारा हजार लागतात, त्याहून स्वस्त माल उन्हात कडक होऊन शिवणीपाशी फाटतो.

मॅटच्या बाबतीत सध्या सेव्हन-डीची, म्हणजे आत फोम असलेल्या जाड शिवलेल्या मॅटची हवा आहे. पूर्ण तळ झाकतात, पहिल्या दिवशी दिसायला झकास. आपल्याकडच्या पावसाळ्याला मात्र त्या अजिबात योग्य नाहीत. ओल्या चपला, छत्र्या, एसीचं पाणी, सगळं सांध्यांतून खाली उतरतं आणि फोम व मूळ कार्पेट यांच्यामध्ये बसून राहतं. श्रावण संपेपर्यंत गाडीत कुबट वास सुरू होतो. दरवाजाच्या उंबऱ्यालगत कार्पेटखालून वायरिंगचा जुडगा जातो, त्याच्या कपलरना गंज चढला की कधी सेंट्रल लॉक, कधी स्पीकर असे भुताटकीसारखे बिघाड सुरू होतात. त्याऐवजी क्रेटाच्या मापाचे, उंच कडांचे टीपीई रबराचे ट्रे घ्या. साडेतीन ते पाच हजारांत पूर्ण संच येतो, उचलून नळाखाली धुता येतो. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट कंपनीच्या हुकात अडकलीच पाहिजे आणि एकावर एक दोन मॅट कधीही नकोत. 2009 साली अमेरिकेत टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यामागे सरकून ऍक्सिलरेटरखाली अडकणाऱ्या मॅट हे एक कारण होतं. नवी मॅट टाकली की इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा, ऍक्सिलरेटर झटकन वर आला पाहिजे.

आता विजेची कामं. इथे एकच नियम: मूळ वायर कापू द्यायची नाही. हॉर्न, कॅमेरा, स्पीकर, ऍम्प्लिफायर, सगळ्यांसाठी गाडीच्या कपलरमध्ये बसणारे जोड मिळतात. वायर सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळायची पद्धत अजून चालते. उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं, आणि त्या सर्किटमध्ये काही बिघडलं की सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारतं. त्यांचं म्हणणं खोडून काढायला आपल्याकडे काहीच नसतं.

डॅशकॅम ही क्रेटाला लावण्यासारखी पहिली वस्तू. आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेलाच घ्या, कारण मे महिन्यात बंद गाडीची काच इतकी तापते की लिथियमची बॅटरी फुगते. मेमरी कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं हवं. साधं कार्ड सततच्या लिहिण्या-पुसण्याने दगावतं, आणि ते नेमकं अपघाताच्या दिवशी लक्षात येतं. नुसतं चालत्या गाडीत रेकॉर्डिंग हवं असेल तर बारा व्होल्टच्या सॉकेटमधून वीज घ्या, काम संपलं. पार्किंगमध्येही हवं असेल तर तीन वायरींचा हार्डवायर किट लागतो: एक कायम चालू फ्यूजवर, एक इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर, तिसरी अर्थिंगची, बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) वापरा आणि एअरबॅग, एबीएस, इंजिनच्या फ्यूजना हात लावू देऊ नका. कट-ऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद व्हावा तो आकडा, 12.2 व्होल्टच्या खाली ठेवू नका. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा साधारण पाव अँपिअर ओढतो, म्हणजे चोवीस तासांत सहा अँपिअर-तास. गाडी तीन-चार दिवस उभीच राहत असेल तर हा मोड बंदच बरा. वायर पुढच्या खांबातून नेताना तिथे बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे हे फिटरला आठवण करून द्या. वायर एअरबॅगच्या मागून, मूळ वायरिंगला क्लिपने बांधून गेली पाहिजे, पुढून आडवी नाही. 2024 च्या फेसलिफ्टपासून वरच्या व्हेरियंटमध्ये ऍडास (कॅमेरा आणि रडारने चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे, त्याचा कॅमेरा आरशामागे असतो. त्याच्या नजरेसमोर डॅशकॅम, फास्टॅग किंवा देवाचं स्टिकर येऊ देऊ नका.

हॉर्न बदलायचा तर रिले आणि कपलरसह दोन सुरांचा डिस्क हॉर्न पुरे. प्रेशर हॉर्न आणि वेगवेगळ्या चाली वाजवणारे हॉर्न मोटार वाहन नियमांत बसत नाहीत.

हेडलाइटमध्ये मोह जास्त होतो. हॅलोजन असलेल्या व्हेरियंटमध्ये 100 वॅटचा बल्ब टाकला की 55 वॅटच्या हिशोबाने दिलेल्या वायरीतून साडेचारऐवजी आठ अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. आधी होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो. स्वस्त एलईडी बल्ब वॅटमध्ये कमी, पण त्यांची प्रकाश देणारी चकती फिलामेंटच्या नेमक्या जागी बसत नाही. प्रकाशाची वरची कड फिसकटते, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला लांबचं कमीच दिसतं. ताम्हिणीच्या धुक्यात तर असा पांढरा झोत भिंतीसारखा परत येतो. नामांकित कंपनीचा त्याच वॅटचा चांगला हॅलोजन बल्ब आणि हेडलाइटची उंची नीट लावून घेणं, एवढ्यात बराच फरक पडतो.

चाकं आणि टायर या विषयात सल्ले भरपूर मिळतात, आकडेमोड फार कमी जण करतात. 2020 च्या क्रेटाला खालच्या व्हेरियंटमध्ये 205/65 आर16 (205 मिलिमीटर रुंदी, बाजूची भिंत रुंदीच्या 65 टक्के, 16 इंची रिम) आणि वरच्यात 215/60 आर17 टायर आले. पहिल्याचा व्यास 673 मिलिमीटर, दुसऱ्याचा 690, म्हणजे अडीच टक्के जास्त. सोळा इंची गाडीवर सतरा इंची संच चढवला की मीटर पूर्वीपेक्षा अडीच टक्के कमी वेग दाखवतो. एवढं चालतं, कारण दोन्ही मापं कंपनीचीच आहेत. सतराच ठेवून रुंद टायर हवा असेल तर 235/55 आर17 चा व्यासही 690 च येतो, मीटर बिघडत नाही. पण टायर जड होतो, ऍव्हरेज थोडं उतरतं आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. कोकणात नेहमी जाणाऱ्याने रुंदीपेक्षा चांगल्या खाचांचा टायर निवडावा. अठरा इंच दिसायला देखणं, पण 215/55 आर18 ची बाजूची भिंत 129 वरून 118 मिलिमीटरवर येते आणि आपल्या खड्ड्यांत तेवढाच रबर रिमला वाचवत असतो. आमचं मत स्पष्ट आहे: सतराच्या पुढे जाऊ नका.

अलॉय घेताना पाच होल, पीसीडी (ही होल ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 114.3 मिलिमीटर आणि मधलं भोक 67.1 मिलिमीटर हे जुळवा. मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) लागते, नाहीतर ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंगवर फुकट पैसे घालत बसता. रिमच्या आत कोरलेला ईटी हा आकडा चाक किती आत-बाहेर बसतं ते सांगतो, तो मूळ रिमच्या जवळपास हवा. चाक फार बाहेर आलं की बेअरिंगवर ताण येतो आणि चिखल दरवाजांवर उडतो. नट इम्पॅक्ट गनने आवळून सोडू नयेत, शेवटी टॉर्क पाना लावून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

सतरा इंची क्रेटात स्टेपनी सोळा इंची असते, तिचा व्यास कमी. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. क्रेटा पुढच्या चाकांवर चालते, पुढे दोन वेगळ्या व्यासांची चाकं लावली की डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो. काम जास्त आहे, पण लांब जायचं असेल तर हेच बरोबर.

टपावर कॅरिअर लावणार असाल तर पॅनोरॅमिक सनरूफ आडव्या बारला आपटत नाही ना हे आधी बघा. मॅन्युअलमधल्या वजनाच्या मर्यादेत कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. लग्नाच्या बॅगा 433 लिटरच्या डिकीत मावत नाहीत म्हणून सगळं टपावर रचलं की घाटाच्या वळणावर गाडी कलते.

पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, पूर्ण गाडीला करणं बहुतेकांना परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. पुढचा बंपर, बोनेटची पुढची कड, हँडलखालच्या वाट्या आणि डिकीचा उंबरा, एवढ्यावर करा. मटेरियल टीपीयू हवं, पीव्हीसी पिवळं पडतं. मशीनवर आधीच कापलेली फिल्म मागा. गाडीवर ब्लेड फिरवणाऱ्याच्या हातून रंगावर चरे पडतात आणि ते फिल्म काढेपर्यंत कळत नाहीत. सिरॅमिक कोटिंगने धुणं सोपं होतं, दगडाचा टिचका मात्र थांबत नाही. अंडरबॉडी कोटिंग रत्नागिरी-मालवणसारख्या खाऱ्या हवेत फायद्याचं. फक्त दरवाजांखालची पाणी निघायची भोकं, सायलेन्सर आणि सेन्सर यांवर ते उडालेलं नसावं.

काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये बंदी घातली. 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने नियमातल्या पारदर्शकतेची फिल्म चालते असं म्हटलं, म्हणजे पुढच्या-मागच्या काचेला 70 आणि बाजूच्या काचांना 50 टक्के. महाराष्ट्रात मात्र चौकात तो वाद तुम्हालाच घालावा लागेल. लोखंडी बंपर गार्ड तर नकोच. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे धडकेचा मार बंपरऐवजी थेट चॅसिसला बसतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब चुकतो. ऍडासवाल्या गाडीत रडारही झाकला जातो. बेकायदा फेरफाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 अ खाली प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

खरेदीसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत करोल बाग इथे निवड भरपूर, भावही तुटतो. पण एअरबॅगजवळचं आणि वायरिंगचं काम गर्दीच्या रविवारी रस्त्यावर उभं राहून करून घेऊ नका. माल तिथून घ्या, फिटिंग सवडीच्या दिवशी करा आणि पक्कं बिल मागा.

ते बिल इन्शुरन्सला लागतं. नंतर लावलेली म्युझिक सिस्टिम, कॅमेरा या विजेच्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात आणि त्यांच्या किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम असतो. 40,000 च्या सिस्टिमला वर्षाला 1,600 अधिक कर. अलॉयसारख्या बिनविजेच्या वस्तूही किमतीसह लिहून घ्या. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर विमा कंपनी फक्त शोरूममधून निघालेल्या गाडीचे पैसे देते.