इन्सब्रुकची केबल कार बंद नव्हती

मे 2024 मध्ये आम्ही दोघं ठाण्याहून बारा दिवसांच्या युरोप सहलीला गेलो होतो. सहल कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. पण फसवणूक कशी झाली ते तपशिलात लिहिते. उन्हाळी सहलींची बुकिंगं सुरू झाली की तीच पत्रकं नव्या रंगात छापून पुन्हा लोकांच्या हातात पडतात.

ती सहल आम्ही निवडली ती इन्सब्रुकसाठी. पॅरिस आणि स्वित्झर्लंड सगळेच दाखवतात. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताची ही राजधानी इन नदीच्या काठी, सुमारे 575 मीटर उंचीवर आहे. उत्तरेला नॉर्डकेटे ही डोंगररांग इतकी जवळ आहे, की रस्त्याच्या टोकाला घरं संपतात तिथे डोंगरच उभा दिसतो. शहराच्या मध्यातून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे सुटते, ती हुंगरबुर्गला जाते. तिथून एक केबल कार झेग्रुबेला, आणि तिथून दुसरी हाफेलेकारला, 2,256 मीटरवर. आमच्या ह्यांनी तरुणपणी कळसूबाई सात वेळा आणि हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला आहे. आता दोन्ही गुडघे झिजलेत. कळसूबाईची उंची 1,646 मीटर. त्याहून 600 मीटर वर, तेही गुडघ्यांना त्रास न देता जाता येणार, म्हणून सहा महिने आमचे हे पत्रकातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून होते : 'इन्सब्रुक : नॉर्डकेटे पर्वतावर केबल कारने आरोहण, सोनेरी छप्पर, स्थानिक गाईडसह शहरदर्शन, मुक्काम इन्सब्रुक.' शेजारी सम्राट मॅक्सिमिलियनच्या समाधीभोवतीच्या कांस्य पुतळ्यांचा मोठा फोटो होता.

पैसे फेब्रुवारीत भरले. माणशी 2 लाख 80 हजार, त्यावर पाच टक्के टीसीएस (कंपनीने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा कर), माणशी 14 हजार, म्हणजे दोघांचे 28 हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

निघायच्या दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर 'अंतिम कार्यक्रम' म्हणून एक पीडीएफ आली. घरात बॅगा भरणं चाललं होतं. मी विमानाची वेळ तेवढी पाहिली. पीडीएफमध्ये इन्सब्रुकची ओळ बदलून 'इन्सब्रुक ओरिएंटेशन टूर, मुक्काम इन्सब्रुक किंवा परिसर' अशी केलेली होती. या धंद्यात 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे बसमधून किंवा चालत एक फेरी. 'फोटो स्टॉप' म्हणजे खाली उतरून बाहेरून फोटो. 'आतून दर्शन' किंवा 'प्रवेश तिकिटासह' असं लिहिलेलं असेल तरच तिकीट मिळतं. हे सगळं मला नंतर कळलं. पुतळ्यांच्या फोटोचंही तसंच. ते पुतळे होफकिर्शे या चर्चमध्ये आहेत आणि तिथे तिकीट काढून जायचं असतं. कंपनीने फोटो छापला होता, तिकीट कुठेच लिहिलं नव्हतं.

इन्सब्रुक जवळ आलं तसा टूर मॅनेजर माईकवर बोलू लागला. मुलगा गोड बोलायचा, सगळ्यांना काका-काकू म्हणायचा. "काका, काकू, एक वाईट बातमी आहे. वर फ्योन वारा सुटलाय, केबल कार बंद झालीय. निसर्गापुढे आपलं काय चालणार?" मग त्याने एक कागद फिरवला : हवामानामुळे कार्यक्रमात झालेला बदल प्रवाशांना मान्य आहे. बसमधल्या 38 जणांनी सह्या केल्या, आम्हीसुद्धा. फ्योन हा काही त्याने बनवलेला शब्द नव्हे. आल्प्स ओलांडून दक्षिणेकडून येणारा तो उबदार, कोरडा वारा आहे, ब्रेनर खिंडीकडून इन्सब्रुकवर उतरतो, आणि जोरात असला की वरच्या केबल कार खरोखर थांबवतात. म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

अकराच्या सुमारास बस रेनवेग या रस्त्यावर थांबली. 55 मिनिटं दिली. स्थानिक गाईड नव्हता, मॅनेजरच छत्री उंच धरून पुढे चालत होता. मी उतरले तेव्हा समोरच्या बागेतल्या झाडाचं पान हलत नव्हतं. आणि शेजारीच वितळत्या बर्फासारखं वळणदार पांढरं छत दिसलं. ते फ्युनिक्युलरचं काँग्रेस स्थानक होतं, वास्तुविशारद झाहा हदीद यांनी रचलेलं, 2007 साली सुरू झालेलं. जिथून वर जायचं होतं, त्याच्या दारातच आम्हाला उतरवलं होतं.

सगळ्यांबरोबर आधी सोनेरी छपराकडे गेलो. ते मॅक्सिमिलियनच्या काळात, 1500 साली पूर्ण झालं. एका सज्जावरचं छोटं छप्पर, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली 2,657 तांब्याची कौलं. ऊन पडलं होतं, फार सुंदर दिसत होतं. पण ह्यांची नजर त्याच्या मागच्या डोंगरावरून हटेना. म्हणाले, "अगं, वर ढगाची रेघसुद्धा नाही." मी त्यांना तिथेच बाकावर बसवलं आणि एकटी स्थानकावर परत गेले. पाच-सात मिनिटांचा रस्ता.

खिडकीवरच्या बाईंना इंग्रजीत विचारलं, वर वारा आहे का? त्या म्हणाल्या, नाही, आज शांत आहे, वरपर्यंत तिन्ही टप्पे सुरू आहेत. मी भिंतीवरच्या स्क्रीनचा फोटो काढला. त्यावर तिन्ही टप्प्यांपुढे सुरू असल्याची खूण होती आणि वेळ होती 11 वाजून 28 मिनिटं. वर जाऊन यायला तेवढा वेळ उरला नव्हता. स्वतःच्या पैशाने जायचं म्हटलं तरी नाही. परत येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते उठले आणि बसकडे चालू लागले. त्यांना असं मी आमच्या लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत फार कमी वेळा पाहिलंय.

मॅनेजरला फोटो दाखवला. तो म्हणाला, "काकू, आता सुरू झाली असेल, सकाळी बंद होती." तिथून बस थेट स्फटिकाच्या दागिन्यांच्या दुकानात गेली आणि तिथे दोन तास दिले. मुक्कामाचं हॉटेल इन्सब्रुकहून तासाभरावरच्या एका गावात होतं.

ठाण्याला आल्यावर कंपनीने तीच सह्यांची प्रत पुढे केली : तुम्ही स्वतः मान्य केलंय. मग पाच हजारांचं 'पुढच्या सहलीसाठी व्हाउचर' देऊ केलं. ते आम्ही घेतलं नाही. घेतलं असतं तर तक्रार मिटली असं लिहून द्यावं लागणार होतं.

जुलैत आयकर विवरणपत्र भरताना 26एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा आयकर खात्याचा उतारा, उघडला. बँकेत नोकरी केल्यामुळे तो नीट वाचायची मला सवय आहे. आमच्या 28 हजारांची नोंदच नव्हती. टीसीएस हा आपल्या नावावर सरकारात जमा व्हायचा कर आहे, तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. कंपनीने तो घेतला आणि भरलाच नाही. सहप्रवाशांना फोन केले. ज्या नऊ जणांनी 26एएस पाहिला त्यांच्यापैकी एकाचीही नोंद नव्हती. केबल कारबद्दल कंपनी आमच्याशी वाद घालत होती, पण या प्रश्नावर वाद घालायला त्यांच्याकडे काही नव्हतं. आम्ही फॉर्म 27डी, म्हणजे टीसीएसचं प्रमाणपत्र, मागणारी वकिलाची नोटीस पाठवली आणि सप्टेंबरमध्ये पैसे भरले गेले, प्रमाणपत्रंही आली. तुम्ही परदेश सहलीचे पैसे भरले असतील तर आजच आपला 26एएस उघडून बघा. पावतीवर टीसीएस लिहिलेला असणं म्हणजे तो भरलेला असणं नव्हे.

केबल कारसाठी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने तिथेही वाऱ्याचंच कारण दिलं. मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, ती ऑनलाइनही करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. जुनं छापील पत्रक मी टाकलं नव्हतं. ते, बदललेली पीडीएफ आणि 11:28 चा फोटो, एवढीच आमची कागदपत्रं. बसमध्ये कागद फिरला तर सही करू नका. करावीच लागली तर सहीखाली 'बंद असल्याचं मॅनेजरने सांगितलं, मी पडताळलेलं नाही' असं हाताने लिहा. आमच्याकडे ते एक वाक्य असतं तर आज खूप सोपं गेलं असतं.

ज्यांना इन्सब्रुकच पाहायचं आहे त्यांनी म्युनिकहून ट्रेनने जावं, दोन तासांच्या आत पोचतो. तिथे 24, 48 किंवा 72 तासांचं इन्सब्रुक कार्ड मिळतं. त्यात नॉर्डकेटेची एक जा-ये, होफकिर्शे आणि शहरातल्या बस येतात. ह्यांच्या टेबलावर त्या कार्डाची माहिती छापून ठेवलेली आहे. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सुचवलंय, त्याआधी जायचं की नंतर, एवढंच ठरायचं आहे.