भुईकाट्याचा मेसेज-डबा: ३२,२५० रुपयांना चुना

गाड्या तोलायच्या काट्याचं वजन मेसेजने मोबाईलवर पाठवणारा डबा बसवून देतो, असं सांगत कुणी तुमच्या जिनिंगवर (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) किंवा दालमिलमध्ये आलं तर चहा पाजण्याआधी हे वाचा.

आमचं जिनिंग जळगाव जिल्ह्यात, धरणगावकडे. डब्याचे १६,५००, 'स्ट्रिंग कमांड सेटिंग'चे ८,०००, केबल-कनेक्टरचे १,८५० आणि वर्षाच्या एएमसीचे (देखभालीचे) जीएसटी धरून ५,९००. झाले ३२,२५०. जीएसटी घेतला, बिल मात्र नाही! वीस हजार यूपीआयने, बाकी रोख. (रोख कधीच देऊ नका.)

डेमो असा झाला. विकणाऱ्याने लॅपटॉपची केबल डब्याला लावली, स्क्रीनवर वजनाची ओळ टाईप केली, एंटर मारला. तीच ओळ खाली परत आली. "बघा शेठ, डबा बोलायला लागला!" घाईत त्याने एक शून्य जास्त मारलं होतं: ८४,२०० किलो. परत आलेल्या ओळीतही ८४,२००. काटा आमचा साठ टनाचा आणि त्यावर उभी रिकामी ट्रॉली! वर म्हणतो कसा, "बॉड रेट काहीही ठेवा, चालतं." बॉड रेट म्हणजे केबलवरून माहिती जाण्याचा वेग. २४०० करून दाखवलं, १९२०० करून दाखवलं. अरे, खऱ्या यंत्रात दोन्हीकडचा वेग जुळला नाही तर स्क्रीनवर नुसता कचरा येतो. हे आज मला पाठ आहे. त्या दिवशी कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत होती, शेतकरी ओरडत होते; अशात पिना मोजत बसणार कोण? इंजिनिअर झालेला भाचा शेजारीच उभा होता, त्याच्याही लक्षात आलं नाही.

एकही मेसेज येईना, म्हणून शेवटी डबा उघडला. आत एक लाल दिवा, आणि कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना (एक पाठवायची, एक घ्यायची) वायरच्या तुकड्याने जोडलेल्या. म्हणजे आरसा! पाठवाल तेच परत. सिमची जागा होती, मेसेज पाठवणारा मोडेम नव्हताच. अँटेना फेविक्विकने चिकटवलेली.

मेसेजच्या खऱ्या डब्याला लॅपटॉपवरून 'एटी' ही कमांड (AT) पाठवली की 'ओके' यायला पाहिजे. नुसतं 'एटी'च परत आलं तर त्याला तिथूनच वाटेला लावा.

पोलिसांकडे गेलो. "तुम्ही राजीखुशीने पैसे दिले, वस्तू मिळाली, हा दिवाणी वाद." फोडलेला डबा टेबलावर ठेवला, तर "हे आमच्या काय कामाचं?" ऑनलाईन तक्रार केली, ती अजून 'प्रक्रियेत' आहे. ग्राहक तक्रारीला गेलो तर म्हणे २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, तुम्ही ग्राहकच नाही. मग मी कोण भो? तक्रारदार नाही, ग्राहक नाही, फक्त पैसे गेलेला माणूस! प्रत्येक टेबलावरचा साहेब मला दुसऱ्या टेबलाचा पत्ता सांगतो, आणि आधारची झेरॉक्स मात्र सगळ्यांना लागते. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन लावा, उद्यावर टाकू नका.

डेमो घ्यायचाच असेल तर काट्याची केबल लावून घ्या, गाडी चढवा, उतरवा, आकडा बदलतो का बघा. मग केबल उपसा, आकडा थांबला पाहिजे. आणि "इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) उघडावा लागेल" म्हणाला तर वैधमापनच्या (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) सीलला हात लावू देऊ नका, दंड तुमच्याच नावावर येईल.

त्याचा नंबर बंद आहे. पण पारोळ्याकडच्या एका जिनिंगवाल्याला तो 'नवीन मॉडेल' दाखवतोय असं कानावर आलंय. भाऊ, हे वाचत असशील तर आधी कनेक्टर खोलून बघ.