डिस्ट्रेस थर्मामीटर: कॅन्सरच्या रुग्णासाठी आणि घरच्यांसाठी कितपत कामाचा?

एका पानाचा कागद. त्यावर उभा थर्मामीटर काढलेला. तळाशी ०, म्हणजे काहीच त्रास नाही, आणि टोकाला १०, म्हणजे त्रासाची हद्द झाली. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनाला किती त्रास झाला त्या आकड्याला गोल करायचा. शेजारी अडचणींची यादी असते: झोप, दुखणं, थकवा, भीती, उदासी, पैसा, प्रवास, मुलांची व्यवस्था, जोडीदाराशी नातं, श्रद्धेबद्दलचे प्रश्न. लागू असेल तिथे टिक करायची. दोन-तीन मिनिटांत काम होतं.

हे साधन तयार झालं न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांच्या गटात. १९९८ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवरचा पहिला छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेतल्या नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेने ते आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतलं. 'डिप्रेशन' किंवा 'मानसिक आजार' असे शब्द मुद्दाम टाळले, कारण ते ऐकताच माणूस अंग चोरतो. 'डिस्ट्रेस' हा शब्द कुणाला चिकटत नाही, म्हणून तो निवडला.

मराठीत मात्र इथेच पहिली अडचण येते. 'डिस्ट्रेस'ला चपखल प्रतिशब्द नाही. 'ताण आहे का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'नाही हो, ताण कसला!' 'मानसिक त्रास' म्हटलं तर 'मला वेडबिड लागलंय असं वाटतं का?' असा चेहरा होतो. 'जिवाची घालमेल किती होते?' किंवा 'मन किती जड असतं?' असं विचारलं की माणूस थांबतो, विचार करतो आणि मग आकडा सांगतो. कागदावर काहीही छापलेलं असो, तो देणाऱ्याने तोंडी हे एक वाक्य जोडावंच.

आता आकडा. ४ किंवा त्याहून जास्त आला तर पुढची चौकशी करायची, ही सर्वसाधारण सीमा. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत ती थोडी वरखाली झाली आहे, त्यामुळे ३ आणि ४ यांच्यामध्ये भिंत आहे असं समजू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे साधन 'डिप्रेशन नाही' हे बऱ्यापैकी सांगतं, 'डिप्रेशन आहे' हे सांगण्यात कच्चं आहे. ७ आकडा कीमोच्या भीतीने येतो, न थांबणाऱ्या दुखण्याने येतो आणि कर्जाच्या हप्त्यानेही येतो. आकडा बघून थेट गोळी लिहिणं हा या कागदाचा सर्वांत वाईट वापर.

आमच्या मते खरा माल यादीत आहे. समजा, आकड्याला गोल २ वर, तोही रेघ न उमटेल इतक्या हलक्या हाताने, आणि यादीत अकरा टिका: झोप, भूक, रडू येणं, कशात रस नसणं, जोडीदाराशी बोलणं वगैरे. आकडा बघणारा हा कागद 'ठीक' म्हणून फायलीत टाकेल. टिका बघणारा खुर्ची पुढे ओढून विचारेल, 'यातली सगळ्यात जास्त छळणारी कोणती?' अकरांबद्दल विचारू नये, एकीबद्दल विचारावं. उलट प्रकारही होतो. आकडा ९ आणि टीक एकच, प्रवास. तिथे समुपदेशकाआधी गाडीची सोय करणारा माणूस लागतो.

कागद कधी भरून घेतला यावरही बरंच अवलंबून असतं. स्कॅनचा रिपोर्ट मिळायच्या अर्ध्या तासाआधी घेतलेला आकडा त्या अर्ध्या तासाचाच असतो. कीमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर दोन-तीन रात्री झोप उडते, चिडचिड वाढते आणि स्टेरॉइड थांबल्यावर माणूस एकदम गळून जातो. म्हणून दोन आकड्यांची तुलना करायची तर कीमोच्या चक्रातल्या त्याच दिवसाची करावी. निदानानंतर, उपचार सुरू होताना, उपचार बदलताना, आजार उलटल्यावर, हे टप्पे सगळ्यांना सुचतात. सुचत नाही तो उपचार संपल्यानंतरचा काळ. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात, हॉस्पिटलच्या फेऱ्या थांबतात आणि नेमका तेव्हा रुग्ण खचतो. त्या भेटीत कागद हवाच.

आकडा ४ किंवा त्याहून जास्त आला की दुसरी पायरी म्हणजे पीएचक्यू-९ ही डिप्रेशन तपासणारी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त एकूण २७. साधारणपणे १० ही सीमा धरतात. २०१४ च्या अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या सूचनांत कॅन्सरच्या रुग्णांसाठी ८ धरली आहे. यातली खोच अशी की थकवा, झोप, भूक, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा हे पाच प्रश्न कीमो घेणाऱ्या कुणालाही गुण मिळवून देतात. म्हणून पहिले दोन प्रश्न वेगळे वाचावेत: मन उदास असणं आणि कशातच रस न वाटणं. थकलेल्या माणसाला नातवंड आलं की उठता येत नाही, पण बरं वाटतं. डिप्रेशनमध्ये नातवंड आलं तरी आत काही हलत नाही. शरीराच्या लक्षणांचा हा घोळ नको असेल तर १९८३ पासून वापरात असलेली 'हॅड्स' प्रश्नावली बरी. चौदा प्रश्न, सात चिंतेचे आणि सात उदासीचे, शारीरिक लक्षणं जवळपास वगळलेली.

मनाचं दुखणं ठरवण्याआधी शरीर तपासायचं, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही आणि ही मोठी उणीव आहे. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की माणूस सुस्त आणि उदास दिसतो. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावतं. हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडने अशी अस्वस्थता येते की बसवत नाही, आणि ती 'अँक्झायटी' म्हणून खपते. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे शांत डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने मेंदूचा उडालेला गोंधळ. रुग्ण गप्प पडून असतो, खात नाही, घरचे म्हणतात 'मन हरलंय'. वारांची नावं उलटी म्हणायला सांगा. शनिवार, शुक्रवार करत मध्येच हरवला, सकाळी बरा आणि संध्याकाळी बावचळलेला असला, तर आधी संसर्ग, क्षार आणि औषधं बघायची. तिथे डिप्रेशनची गोळी नुकसान करते.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो बरेच जण घाईने उरकतात. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. आधी 'यापेक्षा नसलेलं बरं, असं वाटतं का?' आणि होकार आला तर सरळ, 'जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, काही ठरवलंय?' पहिल्याला हो आणि दुसऱ्याला ठाम नाही, असं उत्तर गंभीर आजारात पुष्कळांचं असतं. दुसऱ्यालाही हो असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, सोबत सतत एक माणूस, आणि घरातल्या मॉर्फिनच्या व झोपेच्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात.

डिप्रेशनचं औषध लिहायची वेळ आलीच तर एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप देणारं यकृतातलं एन्झाइम ती अडवतात. एस्सिटालोप्राम किंवा व्हेनलाफॅक्सिन त्या मानाने निर्धोक. कोणतीही गोळी परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे घेते, त्यामुळे पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नये.

घरच्यांसाठी हाच थर्मामीटर चालतो आणि चालवावाच, कारण कित्येकदा त्यांचा आकडा रुग्णाच्या बरोबरीचा निघतो. फक्त दोन पथ्यं. घरच्यांनी रुग्णाचा कागद भरायचा नाही, नाहीतर दोघांचा त्रास एकाच्या नावावर पडतो. आणि घरच्यांचा कागद रुग्णासमोर भरायचा नाही, नाहीतर सगळे शून्य येतात. यादीत मात्र काळजी घेणाऱ्याचे प्रश्न पुरेसे नाहीत. रात्री कितीदा उठावं लागतं, आपली स्वतःची औषधं चुकतात का, रुग्णापासून काही लपवून ठेवलंय का, हे तोंडीच विचारावं लागतं. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जड. निदान लपवणारा माणूस घरात एकटाच त्या ओझ्याखाली वावरत असतो. लहान मुलांना हा कागद देऊ नये, तो त्यांच्यासाठी नाही.

पण कागदामागे व्यवस्था नसेल तर हे सगळं वाया. २०१४ मध्ये स्कॉटलंडमधल्या २१ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीत असं दिसलं की मेजर डिप्रेशन असलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना परिणामकारक उपचार मिळतच नव्हते. त्याच संशोधकांच्या एका चाचणीत प्रशिक्षित नर्स, वर देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ आणि नियमित पाठपुरावा अशी घडी बसवली, तेव्हा २४ आठवड्यांनी ६२ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा जास्त उतरली. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १७ टक्के होतं.

टॅबलेटवर किंवा मोबाइलवर भरायची आवृत्ती दिसायला छान, बेरीजही आपोआप होते. घोटाळा असा की माणूस रात्री अकराला खरं उत्तर देतो आणि ते स्क्रीनवर तसंच पडून राहतं. तेव्हा फॉर्म हातात आला की भरण्याआधी विचारा: हा कोण वाचतं, त्याच दिवशी वाचतं का, आणि आकडा मोठा आला तर मला फोन कोण करणार?