स्वच्छ रिपोर्टवाली गाडी सोडली, अपघातवाली घेतली : हिस्टरी रिपोर्ट सेवेचा माझा अनुभव

जुनी गाडी घ्यायची म्हणून मी एका ऑनलाइन सेवेकडून दोन गाड्यांचे हिस्टरी रिपोर्ट काढले. गंमत अशी की ज्या गाडीचा रिपोर्ट आरशासारखा स्वच्छ होता ती मी सोडली आणि जिच्या रिपोर्टवर लाल अक्षरात 'अपघात नोंद' असं आलं होतं ती घेतली, आणि आता आठ महिने झाले तिला चालवतोय. त्यामुळे सेवा चांगली की वाईट असं एका शब्दात सांगता येणार नाही, थोडं सविस्तरच लिहितो. सेवेचं नाव मुद्दाम घेत नाहीये, अशा बहुतेक सेवा साधारण एकाच पद्धतीने चालतात.

पद्धत सोपी आहे. गाडीचा चेसिस नंबर टाकायचा, पैसे भरायचे, दहा मिनिटांत पीडीएफ मेलवर. हा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसून घोटाळा होतो. हे मला माहीत नव्हतं, मी शून्याच्या जागी ओ टाकून दोनदा 'चुकीचा नंबर' खाल्ला. आणि एक, विकणाऱ्याने मेसेज केलेला नंबर टाकू नका, स्वतः गाडीजवळ जाऊन वाचा. काचेखाली डॅशबोर्डवर, दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवर आणि बॉडीवर ठोकलेला, जिथे जिथे सापडेल तिथे तो एकच असला पाहिजे आणि कागदावरही तोच. ठोकलेल्या नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा वेगळा रंग दिसला तर पुढे रिपोर्ट काढण्यात पैसे घालवूच नका, तिथूनच परत फिरा.

रिपोर्टमध्ये काय येतं? गाडीचं मॉडेल, इंजिन, मूळ रंग, किती मालक झाले, विम्याचे क्लेम, कर्ज बाकी आहे का, चोरीची नोंद आहे का, कंपनीने परत बोलावलेल्या पार्टचं काम झालंय का, आणि वेगवेगळ्या तारखांना नोंदलं गेलेलं किलोमीटर रीडिंग. कुठल्या गाडीचं किती मिळेल ते त्या गाडीचा रेकॉर्ड कोणी किती ठेवलाय त्यावर. आणि इथेच खरी मेख आहे. रिपोर्ट म्हणजे गाडीचा इतिहास नाही, गाडीबद्दल कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेल्या गोष्टींची यादी आहे. गाडी खांबाला ठोकली, मालकाने क्लेम न करता रोख पैसे देऊन गल्लीतल्या गॅरेजमध्ये डेंटिंग पेंटिंग करून घेतलं, तर जगातल्या कुठल्याही रिपोर्टमध्ये ते येणार नाही. 'अपघात नोंद नाही' याचा अर्थ 'अपघात नाही' असा होत नाही, पण ती हिरवी टिकमार्क बघितली की डोकं चालायचं बंद होतं, माझंही झालं होतं.

पहिली गाडी. सहा वर्षं जुनी, एकच मालक, मीटरवर ५४ हजार, रंग चकाचक, रिपोर्टमध्ये सगळीकडे हिरवं. मी तर टोकन द्यायला निघालो होतो. आमचे दाजी म्हणाले, जरा तो किलोमीटरचा तक्ता नीट वाच रे. वाचला. पहिल्या वर्षी १६ हजार, दुसऱ्या वर्षी ३२, तिसऱ्या वर्षी ४८. मग तीन वर्षं एकही नोंद नाही. आणि आता ५४. म्हणजे वर्षाला सोळा हजार पळणारी गाडी अचानक वर्षाला दोन हजारावर आली. होऊ शकतं तसं, माणूस घरून काम करायला लागतो, दुसरी गाडी घेतो, आणि मालकही तेच म्हणाला की गाडी उभीच असायची. रिपोर्टच्या सॉफ्टवेअरला यात काहीच खटकलं नाही कारण आकडा कुठे कमी झालेला नाही, वाढतच गेलाय, म्हणून हिरवी टिक.

मग टायर बघितले. टायरच्या बाजूला एक लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल, उदाहरणार्थ ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. या गाडीचे चारही टायर जेमतेम दीड वर्षापूर्वी बनलेले निघाले आणि नक्षी झिजून खाचांमधल्या झीज दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्यांना टेकलेली, म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर उरलेली. आता सांगा, उभ्या असलेल्या गाडीने दीड वर्षात तीनेक हजार किलोमीटरमध्ये चार नवीन टायर कसे खाल्ले? मालक म्हणाला कुणाचे तरी वापरलेले टायर टाकले होते. बरं. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टेअरिंगचं वरचं कातडं चमकत होतं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड खचलेली, ते पण वापरलेलंच टाकलं होतं का, असं विचारावंसं वाटलं पण गप्प बसलो.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींना स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला जोडून आतली माहिती वाचायचं यंत्र, घेऊन बोलावलं. मीटरमधला आकडा बदलणारे बऱ्याचदा फक्त मीटरमधलाच बदलतात, पण बऱ्याच गाड्यांमध्ये किलोमीटर आणखी एकदोन कॉम्प्युटरमध्ये पण साठवलेले असतात, कोणत्या ते कंपनीवर अवलंबून. साधा स्वस्तातला स्कॅनर हे दाखवत नाही, त्या त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर लागतं. मिस्त्रींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि काही न बोलता बोट ठेवलं. १ लाख ७ हजार. मालकाला फोन केला तर म्हणे मी पण अशीच घेतली होती. एक मालक ना तुम्ही, मग कोणाकडून घेतली होती? फोन कट.

तर या गाडीच्या बाबतीत रिपोर्ट नापास की पास? मी म्हणेन अर्धा पास. निष्कर्ष चुकीचा दिला पण कच्चा माल बरोबर होता. त्या तक्त्यातली तीन वर्षांची पोकळी नसती दिसली तर मी टायरपर्यंत पोचलोच नसतो. तेव्हापासून मी लोकांना सांगतो की पहिल्या पानावरचं ते मार्कांचं गोल चक्र बघूच नका, थेट तारखांच्या तक्त्यावर जा आणि दोन नोंदींमधलं अंतर वाचा.

दुसरी गाडी पाच वर्षांची. रिपोर्ट उघडला तर लाल. तीन वर्षांपूर्वी मागून धडक, डाव्या बाजूला, विम्याचा क्लेम. बायको म्हणाली ठोकलेली गाडी आपल्याला नको. पण मालकाने विचारायच्या आधीच सांगितलं होतं आणि दुरुस्तीचं बिल दाखवलं, त्यात मागचा बंपर, डिक्कीचं दार, डावा मागचा लाइट, आणि डाव्या मागच्या पॅनेलचं रंगकाम. मग आम्ही बिल हातात धरून गाडी तपासली, जसं परीक्षेत उत्तरं तपासतात तसं. मिस्त्रींकडे रंगाची जाडी मोजायचं मशीन आहे. कंपनीचा रंग बऱ्याच गाड्यांवर साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेला भाग त्याच्या दुप्पट वगैरे जातो आणि खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली असेल तर आकडा पाचशे, हजार, कुठेही जातो. एकच आकडा धरून बसायचं नाही, छत सहसा कोणी रंगवत नाही म्हणून आधी छत मोजायचं आणि बाकीचं त्याच्याशी ताडायचं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं मशीन चालत नाही हेही लक्षात ठेवा, नाहीतर उगाच घाबराल. आमच्या गाडीत छत ११०, दारं ११५-१२०, डावं मागचं पॅनेल २४०. बिलात जे होतं तेच, त्यापेक्षा जास्त काही नाही.

डिक्कीतलं स्टेपनी काढून खालचा पत्रा पाहिला, सुरकुती नाही, कंपनीचे गोल वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर, सीलंटची रेघ दोन्ही बाजूला सारखी. उजवा लाइट मूळचा आणि डावा नंतरच्या तारखेचा, तोही बिलाशी जुळला. ही अशी जुळवाजुळव झाली की मनाला जी शांतता मिळते ती हिरव्या टिकमार्कने नाही मिळत. वर त्या लाल अक्षरांमुळे किंमत पण बरीच खाली आली, ते काही वाईट नाही.

पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दल रिपोर्टवर अजिबात विसंबू नका. क्लेम झाला असेल तर दिसेल, नाहीतर नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फूटभरात चिखलाची रेघ किंवा डाग असतो कारण तो भाग धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. सीटखालचे बोल्ट आणि रेल्स गंजलेत का बघा, गालिचा उचलून खाली हात घाला. गाडीत सुगंधी फवारा जरा जास्तच मारला असेल तर मला तरी तो वास संशयाचाच वाटतो.

अजून एक जे मला या खटाटोपात कळलं. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटून राहिला तर बिघाड, पण पेटलाच नाही तर त्याहून वाईट, कदाचित कोणीतरी दिवाच बंद करून ठेवलाय. तसंच स्कॅनर लावल्यावर एकही फॉल्ट, म्हणजे बिघाडाची नोंद, नाही म्हणून खूश होऊ नका, फॉल्ट पुसून किती किलोमीटर झाले आणि गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही बघायला सांगा. आज सकाळीच पुसले असतील तर त्या अपूर्ण दिसतात. बॅटरी काढली तरी तसंच होतं, त्यामुळे लगेच आरोप करू नका, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून परत लावू का एवढं विचारा आणि समोरच्याचं तोंड बघा.

आता सेवेबद्दलच्या तक्रारी. एक, पैसे घेण्याआधी या गाडीच्या किती नोंदी आहेत ते सांगत नाहीत, माझ्या मित्राला तीन ओळींचा रिपोर्ट आला आणि पैसे तेवढेच गेले. दोन, जुन्या जाहिरातींमधले फोटो सगळ्यात शेवटी बारीक करून टाकलेत, खरं तर ती सगळ्यात कामाची गोष्ट आहे, माझ्या गाडीच्या फोटोत मीटरचं रीडिंग आणि धडकेआधीचा मागचा भाग दोन्ही दिसत होतं. तीन, कस्टमर केअर. पहिल्या गाडीचं स्कॅनरचं रीडिंग त्यांना पाठवलं की बाबांनो नोंद करा, पुढच्याचं तरी भलं होईल, तर उत्तर आलं की आम्ही खासगी व्यक्तींनी पाठवलेली माहिती स्वीकारत नाही, आणि खाली पुढच्या रिपोर्टवर सवलतीचं कूपन.

पाचपैकी साडेतीन. काढायचा असेल तर गाडी बघायला जायच्या आदल्या रात्री काढा, टोकन दिल्यावर नाही, आणि पीडीएफ लगेच सेव्ह करा, लिंक तीस दिवसांनी बंद होते. माझ्या पहिल्या गाडीची झाली. जाहिरात मात्र परवापर्यंत चालू होती, आता मीटरवर ५१ हजार लिहिलंय.