दोन वर्षांचा शेंगेन व्हिसा: दहा महिने वापरल्यावर

शेंगेन व्हिसा म्हणजे जर्मनी, फ्रान्स, इटलीसारख्या युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. तीन वर्षांत असे दोन व्हिसा नियमाने वापरले होते, म्हणून या वेळी थेट दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे कितीही वेळा ये-जा करता येणारा, मिळाला. एप्रिल 2024 पासून भारतीय अर्जदारांना ही सोय आहे. 2025 मध्ये जर्मनीला बहिणीकडे चार फेऱ्या झाल्या. दर खेपेला अर्ज, बँक स्टेटमेंट, अपॉइंटमेंट हे सगळं टळलं. 90 युरो फी केव्हाच वसूल झाली.

मात्र स्टिकरवरच्या तारखांखाली मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात, तिथला 90 हा आकडा नीट बघा. दोन वर्षांत कितीही वेळा जा, पण कुठल्याही 180 दिवसांत राहायचं 90च दिवस.

मी इथेच चुकणार होते. 10 जानेवारी ते 20 फेब्रुवारी, 42 दिवस झाले. 5 एप्रिल ते 14 मे, आणखी 40. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. मला वाटलं, आता सहा महिने होतच आले, पुढचे 90 नव्याने मिळतील. तसं नसतं. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे 180 दिवस मोजतात. मी 20 जूनचं तिकीट काढत होते, तीन आठवड्यांसाठी. बहिणीने युरोपियन कमिशनच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तारखा घातल्या, तर 27 जूनलाच 90 भरत होते! मग 2 जुलैला गेले. 9 जुलैपासून जानेवारीतला एकेक दिवस हिशोबातून गळत गेला आणि तीन आठवडे बिनघोर राहता आलं.

बहिणीकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे. तिला जर्मनीत ही मोजणी नाही, पण फ्रान्सला किंवा इटलीला गेली की तिलाही 90 दिवसांचीच मर्यादा. हे तिलाही नव्याने कळलं.

जुलैत परतताना अधिकाऱ्याने पासपोर्टचं एक पान बराच वेळ उजेडाकडे तिरकं धरलं. मे महिन्यातला बाहेर पडतानाचा शिक्का इतका पुसट, की तारीखच लागेना. माझ्या पोटात गोळा आला. फोनमध्ये तेव्हाचा बोर्डिंग पास होता, तो दाखवला आणि सुटले. तेव्हापासून प्रत्येक बोर्डिंग पास जपून ठेवते आणि शिक्का उमटलाय का, हे काउंटर सोडण्याआधी बघते.

12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांच्या सीमेवर ये-जा कॉम्प्युटरवर नोंदवायला सुरुवात झाली आहे. शेवटच्या फेरीत माझा फोटो घेऊन नोंद केली. रांग लांबली, पण पुसट शिक्क्याची धास्ती यातून जाणार असेल तर मला ती रांग चालेल.