रोझालियाचं ‘बेर्गहाइन’: ठेका सापडला नाही, पण काटा आला अंगावर

२०१८ चं ‘मालामेन्ते’ गाणं ऐकल्यापासून मी स्पॅनिश गायिका रोझालियाची फॅन आहे, फ्लामेंकोच्या (स्पेनच्या पारंपरिक संगीताच्या) त्या टाळ्यांसाठी अक्षरशः जीव टाकणारी, आणि २०२२ चा ‘मोटोमामी’ अल्बम तर अमळनेर-धुळे एसटीत किती वेळा ऐकला त्याची गणतीच नाही. २७ ऑक्टोबर २०२५ ला तिचं ‘बेर्गहाइन’ हे गाणं आलं तेव्हा दिवाळीचं घरीच होते, मोबाईलवर लगेच लावलं आणि वाटलं चुकून दुसरंच काहीतरी लागलं. सटासट व्हायोलिन, जर्मनमध्ये कोरस, मागे आख्खा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा! नाव बर्लिनच्या टेक्नो क्लबचं म्हणून मी ठेका शोधत बसले, तो काही येईना.

माय चुलीपाशी कळण्याची भाकरी थापत होती. रोझालियाचा आवाज एकदम वर चढला तसे तिचे हात थांबले, पीठ तसंच बोटांना, आणि म्हणते, “कोन रडी ऱ्हायनी वं ती?” तिला जर्मनचा ज पण माहीत नाही, आणि गाणं खरंच तेच आहे हो, दुसऱ्याची भीती, दुसऱ्याचा राग सगळा आपल्याच अंगात भिनतो त्याचं. मग मधे स्पॅनिशमध्ये आवाज एकदम मऊ होतो, मी साखरेचा खडा, गरम लागलं की विरघळते असं काहीतरी म्हणते ती, तिथं मी तीनदा मागे नेऊन ऐकलं.

भाषा कळत नाही म्हणून सोडू नका प्लीज. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी हे आपण रोजच करतो. लहानपणी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री बाया गाणी म्हणायच्या त्यातले अर्धे शब्द मला लागायचे नाहीत, तरी सकाळी विसर्जनाला निघताना घसा भरून यायचा. तसंच होतं इथं. ७ नोव्हेंबरला आलेल्या ‘लक्स’ अल्बममध्ये तर ती १३ भाषांत गायलीय. टाळ्या, बीट, सगळं बाजूला काढल्यावर हिचा गळा काय ताकदीचा आहे ते मला पहिल्यांदाच कळलं, इतकी वर्षं ऐकूनसुद्धा.

व्हिडिओ पण बघाच, ती घरात कपड्यांना इस्त्री करतेय आणि वादक तिच्या भोवती दाटीवाटीनं वाजवतायत, दुःख मानगुटीवर बसलंय तरी घरचं काम काही सुटत नाही.

खटकला तो शेवट. आइसलँडची गायिका ब्योर्कचा आवाज येतो, आता देवानंच हात दिला तर सुटका, अशा अर्थाचं गाते, आणि मी एकदम सावरून बसते तोच अमेरिकन गायक यीव्झ ट्यूमर एक शिवराळ इंग्रजी ओळ परत परत बडवतो आणि गाणं खलास, तीन मिनिटांच्या आत. ब्योर्कला अजून गाऊ द्यायला हवं होतं. आणि ती ओळ स्पष्ट ऐकू येते, घरात मोठी माणसं असतील तर स्पीकरवर लावू नका, तसंही मोबाईलच्या स्पीकरवर व्हायोलिन नुसती चिरकतात. इअरफोन लावा, रात्री गच्चीवर जा, आणि पहिल्यांदा आवडलं नाही तरी निदान तीनदा ऐका. पाचपैकी साडेचार.